स्वमग्नता (ऑटिझम): निदान कसे होते, संशोधन काय सांगते आणि घरातून काय करता येते

दोन-सव्वादोन वर्षांचे मूल बोलत नाही म्हणून आई त्याला दवाखान्यात घेऊन येते, तेव्हा बहुधा सोबत आजीही असते. आजी म्हणते, “ह्याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते.” आईच्या चेहऱ्यावरची शंका मात्र जात नाही. ती सांगते, “हाक मारली तर बघत नाही हो डॉक्टर, पण आतल्या खोलीत टीव्हीवर जाहिरात लागली की धावत जातो.”

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात अशाच एका आईला मी “मुलगे जरा उशिरा बोलतात, सहा महिने वाट बघू” असे सांगून परत पाठवले होते. ते मूल पुन्हा माझ्याकडे आले तेव्हा चार वर्षांचे झाले होते. पुढे निदान स्वमग्नतेचे झाले. माझ्या त्या एका वाक्याने त्याला स्वमग्नता झाली नाही, पण त्या घराची जवळजवळ दोन वर्षे मदतीशिवाय गेली. त्यानंतर “वाट बघू” हे उत्तर मी या बाबतीत देत नाही.

मी या विषयाचा तज्ज्ञ नाही, अंतिम निदानही मी करत नाही. पण शंका पहिल्यांदा बोलून दाखवली जाते ती माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरसमोर. म्हणून पालकांना जे माहीत असायला हवे, असे मला वाटते, ते इथे लिहितो आहे.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता म्हणजे मेंदूची जडणघडण वेगळ्या पद्धतीने होणे. तिची सुरुवात गर्भावस्थेतच होते, लक्षणे मात्र साधारण दुसऱ्या वर्षात स्पष्ट होऊ लागतात. हा संसर्ग नाही, वेड नाही, बाहेरची बाधा तर मुळीच नाही. काही मुलांमध्ये सोबत बौद्धिक अक्षमता असते, अनेकांमध्ये नसते.

निदानासाठी दोन प्रकारच्या गोष्टी एकत्र असाव्या लागतात. पहिली म्हणजे इतरांशी देवाणघेवाण करण्यातली अडचण: नजर, हावभाव, बोटाने दाखवणे, संभाषण, मैत्री. दुसरी म्हणजे ठरावीकपणाची ओढ आणि आवाज, स्पर्श, चव यांचा वेगळा अनुभव. मिक्सर सुरू झाला की कान घट्ट झाकून घेणे, खेळण्यातली गाडी न चालवता तिचे चाकच फिरवत बसणे, रोजचा रस्ता बदलला की आकांत, केस कापताना चौघांनी धरावे लागणे, ताटात फक्त पांढरा भात चालणे. यातली एखादी गोष्ट कोणत्याही मुलात दिसू शकते. तेवढ्यावरून घाबरू नका. दोन्ही बाजू एकत्र असतील आणि रोजच्या जगण्यात अडचण येत असेल, तर तपासणी हवी.

पूर्वी ऑटिझम, ॲस्पर्जर अशी वेगळी नावे होती. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेने ती सगळी ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ या एका नावाखाली आणली. स्पेक्ट्रम म्हणजे मोठा पट्टा. त्यात आयुष्यभर बोलू न शकणारी व्यक्ती आहे आणि इंजिनिअर होऊन नोकरी करणारीही आहे. त्यामुळे शेजारच्या मुलाला ज्याने फायदा झाला, त्याने तुमच्या मुलालाही होईलच असे नाही.

‘स्वमग्नता’ हा शब्द मला पूर्ण पटत नाही. त्यातून वाटते की हे मूल स्वतःतच रमलेले आहे आणि त्याला कुणाची गरज नाही. प्रत्यक्षात यातल्या अनेक मुलांना माणसे हवी असतात, त्यांच्याकडे पोहोचायचे कसे हे कळत नसते. डेमियन मिल्टन हे ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडले की समजण्यातली ही दरी दोन्ही बाजूंनी असते: त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत. घरात हे लक्षात ठेवले, तर बराच राग कमी होतो.

प्रमाणाविषयी सारखे विचारले जाते. भारतात पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांची एक मोठी पाहणी झाली, ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या पाच ठिकाणांत उत्तर गोवाही होते. तिच्यानुसार स्वमग्नतेचे प्रमाण शंभर मुलांमागे साधारण एक येते. अमेरिकेत २००० साली आठ वर्षांच्या दर १५० मुलांत एक असा आकडा होता, २०२२ च्या नोंदींत तो दर ३१ मध्ये एक झाला. या वाढीचा मोठा भाग व्याख्या रुंद झाल्यामुळे आणि तपासण्या वाढल्यामुळे आहे. आधीही ही मुले होती. त्यांना हट्टी, घुमा, मंद, विक्षिप्त अशी नावे मिळत होती.

यात आईचा दोष नाही

हे वेगळे लिहायचे कारण म्हणजे निदान झाल्यावर घरात पहिला प्रश्न “कुणामुळे?” असाच येतो आणि बोट बहुतेक वेळा आईकडे वळते. गरोदरपणात काय खाल्ले, नोकरी का सोडली नाही, मोबाइल का दिला.

हा आरोप डॉक्टरांनीच सुरू केला होता, हे कबूल करायला हवे. १९४३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी ११ मुलांचे बारकाईने वर्णन केले. त्यांनी हे वेगळेपण जन्मजात असल्याचे लिहिले, पण सोबत पालकांच्या थंडपणाचाही उल्लेख केला. पुढची जवळजवळ वीस-पंचवीस वर्षे ‘आईने माया दिली नाही म्हणून मूल असे झाले’ ही कल्पना चालली. काही मुलांना आईपासून दूर ठेवण्याचे ‘उपचार’ झाले. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी पुस्तक लिहून या कल्पनेला आव्हान दिले. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते.

ठोस पुरावा १९७७ मध्ये आला. लंडनमध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. दिसायला हुबेहूब असलेल्या, म्हणजे एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले ऑटिस्टिक होती. वेगवेगळ्या बीजांपासून झालेल्या १० जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती. दोन्ही गटांतली भावंडे एकाच घरात, एकाच आईकडे वाढलेली. फरक होता तो जनुकांचा. अभ्यास छोटा होता, पण पुढच्या मोठ्या अभ्यासांनी तेच दाखवले. आज शंभरहून अधिक जनुकांचा संबंध दिसला आहे. त्यातले एकच जनुक सगळ्यांमध्ये सापडत नाही, म्हणून ‘ऑटिझमची एक जनुकीय चाचणी’ असे काही नाही.

पहिले मूल ऑटिस्टिक असेल, तर पुढच्या मुलात शक्यता किती? अशा धाकट्या भावंडांवर लक्ष ठेवणाऱ्या अभ्यासांत ती साधारण पाचात एक आली आहे. दुसऱ्या बाळाचा विचार करताना हे माहीत असावे, आणि झाल्यावर त्या बाळाकडे पहिल्या वर्षापासून डोळसपणे बघावे.

लसीचा प्रश्न अजूनही येतो. १९९८ मध्ये ब्रिटनच्या अँड्र्यू वेकफिल्ड यांनी फक्त १२ मुलांवरच्या लेखातून गोवर-गालगुंड-रुबेला लसीवर संशय निर्माण केला. तपासात गैरप्रकार आढळले, ‘लॅन्सेट’ने तो लेख २०१० मध्ये मागे घेतला आणि वेकफिल्ड यांचे नाव वैद्यकीय नोंदणीतून काढले गेले. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा २०१९ चा अभ्यास सांगतो की लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण वेगळे नाही. लक्षणे दिसण्याचे वय आणि या लसींचे वय जवळजवळ एकच असल्याने तसा भास होतो. गोवर मात्र मुलांचे जीव घेतो. लस चुकवू नका.

गरोदरपणात घेतलेल्या पॅरासिटामॉलबद्दलही अलीकडे बऱ्याच आया घाबरून विचारतात. स्वीडनमधल्या २४ लाखांहून अधिक मुलांच्या २०२४ च्या अभ्यासात एकाच आईच्या भावंडांची तुलना केल्यावर हा संबंध उरला नाही. तुम्ही ताप आला म्हणून गोळी घेतली असेल, तर त्याचे ओझे बाळगू नका.

आणि मोबाइल. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ असे निदान अधिकृत वर्गीकरणात नाही. स्क्रीन जास्त बघणाऱ्या लहान मुलाचे बोलणे मागे पडू शकते, कारण तेवढा वेळ त्याच्याशी कुणी बोलत नाही. स्क्रीन बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत झपाट्याने सुधारणारी मुले मीही पाहिली आहेत, ती बहुधा ऑटिस्टिक नसतातच. स्क्रीन जरूर बंद करा. पण “आधी मोबाइल सोडवू, मग बघू” म्हणून तपासणी लांबवू नका. दोन्ही एकाच वेळी करता येते.

घरात काय लक्षात येते?

वर्षाचे बाळ नावाने हाक मारल्यावर वळून बघत नाही. टाटा करत नाही, हात पसरून “घे” म्हणत नाही. दीड वर्षाचे मूल बोट दाखवत नाही. यातला फरक नीट समजून घ्या: बिस्कीट हवे म्हणून डब्याकडे बोट करणे वेगळे, आणि आकाशातला चांदोमामा दाखवून “तूही बघ ना” या अर्थाने तुमच्या तोंडाकडे वळणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे बोट हे फार महत्त्वाचे लक्षण आहे. काही मुले बोट दाखवण्याऐवजी आईचे मनगट धरून तिचा हात हव्या त्या वस्तूपर्यंत नेतात, जणू हात हे एक हत्यार आहे.

सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत “पाणी दे” असे दोन शब्द जोडता येत नाहीत, तर तपासणी हवी. येत असलेले शब्द कोणत्याही वयात गेले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. बोलणारे मूलही सुटून जाऊ शकते. त्याला ए-बी-सी-डी, गाड्यांची नावे, पूर्ण जाहिरात पाठ असते म्हणून घरचे निश्चिंत असतात, पण तहान लागली की ते “पाणी हवंय का?” असे तुमचेच वाक्य परत म्हणते.

मुलींचे निदान उशिरा होते. बऱ्याच मुली इतरांचे बघून हसणे, नजर देणे नकलेने शिकतात, शाळेत ‘शांत, गुणी’ ठरतात आणि घरी आल्यावर कोसळतात. मुलाच्या निदानाच्या वेळी बाबांनी “मी पण असाच होतो” म्हणणे आणि पुढे स्वतःची तपासणी करून घेणे, हेही होते. मोठ्या वयात निदान होण्यात कमीपणा काही नाही.

या सगळ्यात एक फार उपयोगी गोष्ट तुमच्या हातात आहे. मोबाइलवर मुलाचे दोन-दोन मिनिटांचे चार-पाच व्हिडिओ काढा: खेळताना, जेवताना, हाक मारल्यावर, इतर मुलांमध्ये. दवाखान्यातल्या दहा मिनिटांत मूल रडतच असते. तुमच्या व्हिडिओंतून डॉक्टरांना खरे मूल दिसते.

निदान कसे होते?

पहिली तपासणी कानांची. “टीव्ही ऐकतो म्हणजे कान चांगले” असे गृहीत धरू नका. काही विशिष्ट आवाजच ऐकू येत नसतील, तर मूल हाकेला प्रतिसाद देत नाही. लहान मुलांसाठी झोपेत करायची बेरा नावाची चाचणी असते.

त्यानंतर विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बाल मनोविकारतज्ज्ञ, बाल मेंदूविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निदान करतात. ते बघतात आणि विचारतात. रक्त तपासून, एमआरआय काढून किंवा ईईजी करून स्वमग्नतेचे निदान होत नाही. या तपासण्या इतर शंका असतील तेव्हाच लागतात, उदाहरणार्थ फिट येत असेल, चेहऱ्याची ठेवण वेगळी असेल किंवा आलेली कौशल्ये जात असतील. पालक मात्र “एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे काही नाही” असे समजून घरी जातात. एमआरआय नॉर्मलच येतो बहुतेकांचा.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट ही २० प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. ती फक्त चाळणी आहे: तिच्यात धोका दिसला म्हणजे निदान झाले असे नाही, आणि दिसला नाही म्हणून शंका सोडूनही द्यायची नाही. भारतात निदानासाठी आपल्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली साधने आहेत. आयएनडीटी-एएसडी हे २ ते ९ वर्षांसाठी आहे. आयसा या भारतीय मापनपट्टीत ४० मुद्दे आहेत. तिच्यात ७० पेक्षा कमी गुण म्हणजे स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी हीच पट्टी वापरली जाते, म्हणून तुमच्या कागदांवर हा आकडा दिसेल. तो मुलाच्या बुद्धीचा आकडा नाही, आणि वर्षभराने तो बदलूही शकतो.

अनुभवी हातांनी दुसऱ्या वर्षी केलेले स्वमग्नतेचे निदान बहुतेक मुलांत नवव्या वर्षीही कायम राहते, हे पाठपुराव्याच्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे ‘एवढ्या लहानपणी कसे कळणार’ या शंकेला फारसा आधार नाही. तरीही अमेरिकेतसुद्धा निदानाचे मधले वय चार वर्षांच्या जवळच आहे.

यंत्राने निदान व्हावे म्हणून संशोधन जोरात चालू आहे. मूल पडद्यावरच्या माणसांत कुठे बघते हे कॅमेऱ्याने टिपणारे एक उपकरण अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे. १६ ते ३० महिन्यांच्या ४७५ मुलांवर केलेला त्याचा अभ्यास २०२३ मध्ये आला. तज्ज्ञांनी स्वमग्न ठरवलेल्या मुलांपैकी ७१ टक्के त्याने बरोबर ओळखली. म्हणजे दहातली जवळजवळ तीन सुटली. तज्ज्ञाच्या मदतीला हे चालेल, तज्ज्ञाऐवजी नाही. आपल्याकडे कुणी ‘पाच मिनिटांत मेंदूचे मॅपिंग करून ऑटिझम सांगतो’ म्हणत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

मदत: कशाला पुरावा आहे?

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण पालकांचे सर्वात जास्त पैसे आणि सर्वात जास्त धीर इथेच खर्च होतो.

ब्रिटनमध्ये १५२ लहान मुलांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. त्यात थेरपिस्ट मुलाला शिकवत नव्हता. आई किंवा बाबा मुलाशी खेळत, त्याचा व्हिडिओ काढला जाई आणि नंतर थेरपिस्ट तो पालकांसोबत बघे: “इथे त्याने तुमच्याकडे पाहिले, तुमच्या लक्षात आले का? इथे तुम्ही थांबलात आणि तो स्वतःहून पुढे आला.” सुरुवातीला मुलांच्या लक्षणांत फरक थोडाच होता. पण उपचार संपून जवळजवळ सहा वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा तपासले, तेव्हा त्या गटातल्या मुलांची लक्षणे तुलनेने सौम्य होती.

पण आपल्याकडे तेवढे थेरपिस्ट कुठून आणायचे? हा प्रश्न गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या संशोधकांनी हातात घेतला. त्यांनी हीच पद्धत आपल्याकडच्या घरांना जुळवून घेतली आणि तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांकडून ती चालवली. २ ते ९ वर्षांची ६५ मुले होती. २०१६ मध्ये निष्कर्ष आले: पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. एका मोजमापात, दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याच्या वेळात, मात्र घटही दिसली. अभ्यास लहान होता आणि सगळे प्रश्न त्याने सुटले नाहीत. तरी मोठ्या शहरापासून लांब राहणाऱ्या कुटुंबांसाठी त्यातला मुद्दा मोलाचा आहे: पालकांना शिकवता येते, आणि ते शिकवायला प्रत्येक वेळी मोठा तज्ज्ञच लागतो असे नाही.

ऑस्ट्रेलियात तर लक्षणांची नुसती चाहूल लागलेल्या ९ ते १४ महिन्यांच्या १०३ बाळांच्या घरी व्हिडिओच्या मदतीची अशीच पद्धत वापरली. तिसऱ्या वर्षी निदानाच्या निकषात बसणारी मुले त्या गटात साधारण ७ टक्के होती, नेहमीची मदत मिळालेल्या गटात २० टक्के. हा २०२१ चा एकच अभ्यास आहे, त्यावरून ‘ऑटिझम टाळता येतो’ असे म्हणू नये. पण निदानाच्या कागदाची वाट न बघता मदत सुरू करावी, या बाजूने तो बोलतो.

मग घरी काय करायचे? मुलासमोर जमिनीवर बसा, तुमचा चेहरा त्याच्या नजरेच्या उंचीवर येऊ द्या. तो ज्यात रमला आहे त्यातच सामील व्हा. चाक फिरवतोय? तुम्हीही एक चाक फिरवा. “हे काय आहे? रंग कोणता? काकांना सांग बरं” अशी परीक्षा बंद करा. त्याऐवजी तो बघतोय त्या वस्तूचे नाव घ्या, छोटे: “चाक.” तो “चाक” म्हणत असेल, तर तुम्ही एक शब्द पुढे जा: “चाक फिरलं.” मग थांबा. हे थांबणे सर्वात अवघड आहे, मनात दहापर्यंत मोजा. या मुलांना उत्तर जुळवायला वेळ लागतो, आणि आपण त्याआधीच दुसरा प्रश्न विचारतो. मागण्यासाठी कारण निर्माण करा: आवडीचा चिवडा पारदर्शक, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तो डबा घेऊन तुमच्याकडे येईल, तेव्हा झाकणावर हात ठेवून त्याच्याकडे बघा. नजर, आवाज, बोट, काहीही आले की लगेच उघडा. दिवसातून दहा-दहा मिनिटे तीन वेळा, आणि अंघोळ-जेवणात येता-जाता. आजी-आजोबांनाही हेच शिकवा. ते बहुतेक वेळा आपल्यापेक्षा जास्त सबुरीने करतात.

भाषेबद्दल एक गैरसमज महाराष्ट्रात फार पसरला आहे. “शाळा इंग्रजी आहे, गोंधळ होईल, घरी इंग्रजीच बोला” असा सल्ला पालकांना मिळतो. दोन भाषा ऐकणाऱ्या आणि एकच भाषा ऐकणाऱ्या ऑटिस्टिक मुलांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत दोन भाषांमुळे बोलणे आणखी मागे पडत असल्याचे दिसलेले नाही. उलट जी भाषा आईला सहज येत नाही, तिच्यात ती कमी बोलते, लाड करत नाही, गाणी म्हणत नाही. घरी मराठी बोला. पुण्यात असा नाहीतर न्यू जर्सीत.

तसेच चित्रांचे. बोलत नसलेल्या मुलाला चित्रे दाखवून किंवा टॅबवर बटण दाबून मागायला शिकवले, तर तो बोलायचा आळस करेल असे वाटते. अभ्यास तसे दाखवत नाहीत. अनेक मुलांचे बोलणे त्याने वाढते, आणि ज्यांचे वाढत नाही त्यांना निदान मागता तरी येते. न मागता आल्यामुळे होणारी आदळआपट कमी होते.

स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी सुरू कराच, पण तासांच्या मोहात पडू नका. आठवड्याला ४० तासांच्या वर्तन प्रशिक्षणाची कल्पना अमेरिकेतल्या १९८७ च्या एका अभ्यासातून आली. त्यात हे प्रशिक्षण घेणारी मुले होती फक्त १९, गटांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती आणि शिक्षेचाही वापर झाला होता. त्या पद्धतीत वाढलेल्या काही ऑटिस्टिक प्रौढांनी पुढे आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल लिहिले आहे. आज खेळातून, मुलाच्या कलाने शिकवणाऱ्या पद्धतींच्या बाजूचा पुरावा अधिक चांगला आहे. माझी कसोटी साधी आहे: थेरपिस्ट तुम्हाला खोलीत बसू देतो का, आणि बाहेर पडताना घरी करायचे एक तरी काम सांगतो का? दार बंद करून आत मूल रडत असेल आणि तुम्हाला फक्त पावती मिळत असेल, तर जागा बदला.

औषधे आणि ‘पूर्ण बरे करण्याचे’ दावे

स्वमग्नता घालवणारे औषध नाही. रिस्पेरिडोन आणि अरिपिप्राझोल ही औषधे तीव्र चिडचिड, स्वतःला इजा करणे यांसाठी काही मुलांना देतात. त्यांनी वजन वाढते, त्यामुळे तज्ज्ञांच्या देखरेखीतच घ्यावीत. झोपेसाठी मेलाटोनिन कधी कधी उपयोगी पडते. फिट, अतिचंचलता, चिंता यांचे उपचार वेगळे असतात आणि ते जरूर करावेत.

स्टेम सेलच्या जाहिराती लाखो रुपयांच्या असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असा वापर अनैतिक आहे, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी त्याची शिफारस करता येत नाही असे म्हटले. मान्यताप्राप्त चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. शरीरातून ‘धातू काढण्याचे’ चिलेशन धोकादायक आहे. २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचा एक मुलगा त्यात दगावला. गहू-दूध बंद करण्याने स्वमग्नतेत फायदा होतो असा चांगला पुरावा नाही, आणि आधीच चार पदार्थ खाणाऱ्या मुलाचे त्यातले दोन जातात.

दुखणे सांगता न येणारे मूल

हा भाग माझ्या रोजच्या कामातला. ऑटिस्टिक मूल अचानक बदलले, डोके भिंतीवर आपटू लागले, रात्री ओरडू लागले, जेवण सोडले, तर “ऑटिझम वाढला” म्हणू नका. आधी दुखणे शोधा. कान फुटला आहे का, दाढ किडली आहे का, शौचाला किती दिवस झाले नाही? बद्धकोष्ठता या मुलांत खूप आढळते, आणि चार दिवस पोट साफ नसलेले मूल चिडणारच. वयात येणाऱ्या मुलीत पाळीच्या तारखेशी वागणे जुळते का ते कॅलेंडरवर बघा. मधूनच टक लावून बघणे आणि त्या वेळी स्पर्शालाही प्रतिसाद नसणे ही फिट असू शकते. फक्त बिस्किटे आणि दूध यांवर जगणारे मूल चालायला नकार देऊ लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर क जीवनसत्त्वाची कमतरता तपासा. माती-खडू खात असेल, तर रक्तातले लोह बघा.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी फोन करून सांगा आणि गर्दी नसेल अशी वेळ मागा. आदल्या दिवशी स्टेथोस्कोपचा फोटो दाखवा. आम्हा डॉक्टरांनाही हे सांगावे लागते, संकोच करू नका.

आणखी एक धोका: ही मुले घरातून निघून जातात, आणि अनेकांना पाण्याची ओढ असते. दाराला वरची कडी लावा, खिशात किंवा गळ्यात फोन नंबर ठेवा, जवळची विहीर-नदी-टाकी शेजाऱ्यांना सांगून ठेवा, जमेल तितक्या लवकर पोहायला शिकवा.

प्रमाणपत्र, शाळा आणि अठरा वर्षांनंतर

सुरुवात कुठे करायची कळत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत, अंगणवाडी आणि शाळेत येणारे पथकही तिथे पाठवते. खासगी थेरपी परवडत नाही म्हणून घरी बसू नका.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, उच्च शिक्षणात आणि सरकारी नोकरीत आरक्षण मिळते. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. पालकांना आयकरात वजावट आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्यात नियमित थेरपीचाही समावेश आहे. “शिक्का बसेल” म्हणून बरेच पालक प्रमाणपत्र टाळतात. ते शाळेच्या दारावर लावायचे नसते, गरज पडेल तेव्हा दाखवायचे असते.

मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने आईवडील त्याचे पालक उरत नाहीत. ज्याला स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत अशा तरुणासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. बँक, शस्त्रक्रियेची संमती, घराची वाटणी अशा ठिकाणी हा कागद मागितला जातो, आणि ऐनवेळी तो मिळत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून एक फाइल ठेवा: निदानाचा अहवाल, आयसाचे गुण, कानांची तपासणी, थेरपीच्या नोंदी, शाळेचे कागद, तारीख घालून ठेवलेले व्हिडिओ. सतराव्या वर्षी ती फाइल घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात समितीची चौकशी करा.